पानाची मांडणी आणि यंत्राचे वाचन

साहित्यसंस्थांच्या आणि जुन्या वाचनालयांच्या कपाटांत पुष्कळसे असे छापील वाङ्मय असते की, ज्याची दुसरी प्रत मिळण्याचा संभव फार थोडा. संस्थांचे वार्षिक अहवाल, संमेलनांच्या स्मरणिका, स्थानिक मासिकांचे बांधून ठेवलेले अंक, व्याख्यानमालांच्या पुस्तिका यांची गणना त्यातच करावी लागेल. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी समाजाचा वाङ्मयीन इतिहास बव्हंशी अशाच कागदांत साठलेला आहे, आणि तो कागद आता ठिसूळ होत चालला आहे. म्हणून ही पाने स्कॅनरवर घेऊन त्यांच्या प्रतिमा करणे, आणि त्या प्रतिमांवरून अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावलीच्या साह्याने मजकूर तयार करून घेणे, हे काम संस्थांना आज ना उद्या हाती घ्यावेच लागणार आहे.

अशा कामाची चर्चा निघाली म्हणजे बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : यंत्र मराठी अक्षरे बरोबर ओळखते की नाही? 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ', 'थ' आणि 'य' यांची गल्लत होते काय, अनुस्वार गळतात काय, याची आपण काळजी करतो. आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच्याही आधी येणारा एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. यंत्राने पानावरचा मजकूर कोणत्या क्रमाने वाचावा? अक्षराची चूक वाचणाऱ्याच्या डोळ्यांत तत्काळ भरते. क्रमाची चूक मात्र दडून राहते, कारण तेथे प्रत्येक शब्द शुद्ध असतो, फक्त तो आपल्या जागी नसतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या चुकीचा, आणि ती टाळण्यासाठी आज्ञावलीत ज्या मांडणीविषयक सूचना द्यावयाच्या असतात त्यांचा, थोडा विचार करावयाचा आहे.

यंत्र पान कसे वाचते

छापखान्यातील जुळारी खिळ्यांतून शब्द जुळवी, शब्दांची ओळ करी, ओळींचा रकाना बांधी आणि रकाने चौकटीत आवळून पान सिद्ध करी. अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावलीला नेमका याच्या उलट प्रवास करावा लागतो. तिच्या हाती प्रथम सबंध पान येते. त्या पानाचे ती विभाग पाडते, विभागांतून ओळी वेगळ्या काढते आणि मगच ओळींतील अक्षरांकडे वळते. यातील पहिल्या पायरीला मांडणीचे विश्लेषण म्हणता येईल. ही पायरी चुकली तर पुढचे सारे वाचन कितीही अचूक असले तरी व्यर्थ ठरते.

उदाहरणासाठी टेसरॅक्ट ही आज्ञावली घेऊ. ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात ती तयार झाली. २००५ साली ती सर्वांना खुली करण्यात आली आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे गूगल कंपनीने तिच्या विकासाचा भार उचलला. ती विनामूल्य मिळते, आणि मराठी, संस्कृत, हिंदी व इंग्रजी या भाषा तिला अवगत आहेत. पूर्वीच्या आज्ञावल्या अक्षर सुटे काढून ओळखीत असत. देवनागरीत शिरोरेषेमुळे अक्षरे परस्परांस जोडलेली असल्याने ही रीत आपल्या लिपीला अडचणीची होती. टेसरॅक्टच्या २०१८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून मात्र संपूर्ण ओळ सलग वाचण्याची पद्धत आली, आणि देवनागरीच्या दृष्टीने हा मोठाच लाभ झाला.

परंतु यातूनच एक गोष्ट निष्पन्न होते. आज्ञावली जर ओळ सलग वाचणार, तर ओळ कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे आधी ठरले पाहिजे. ते ठरविताना यंत्राला अर्थाचे काहीही ज्ञान नसते. त्याच्या दृष्टीने पान म्हणजे पांढऱ्यावर पडलेले काळे ठिपके. ज्या ठिकाणी अनेक ओळींच्या आरंभीच्या अथवा शेवटच्या कडा एका उभ्या रेषेत येतात, त्या ठिकाणी रकान्याची सीमा असावी असे ते अनुमान करते. अनुमान पुष्कळदा बरोबर निघते. तरीही ते केवळ आकारावरून केलेले अनुमान असते, हे विसरून चालणार नाही.

एकच पांढरी पट्टी, दोन अर्थ

बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण' पत्राचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. या पत्रात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत छापलेला असे. दोन रकान्यांमधली पांढरी पट्टी तेथे भिंतीसारखी आहे. वाचकाने डावा रकाना तळापर्यंत वाचावा आणि मग उजव्याकडे जावे, असा तिचा अर्थ. यंत्राने ती पट्टी ओलांडली, तर अर्धी ओळ मराठी आणि अर्धी इंग्रजी असे कडबोळे होईल. तेथे चूक निदान दिसेल तरी. दोन्ही रकाने मराठीच असतील तेव्हा खरी फसगत होते. समजा, एखाद्या अहवालात डाव्या रकान्यात पुढील तीन ओळी आहेत :

वार्षिक सभेत अध्यक्षांनी
गतवर्षीचा अहवाल
वाचून दाखविला.

आणि त्यांच्याच समोर उजव्या रकान्यात या तीन :

नूतन ग्रंथालयाच्या
इमारतीसाठी निधी
जमविण्याचे ठरले.

यंत्राने आडवे वाचन केले की मजकूर असा होतो : "वार्षिक सभेत अध्यक्षांनी नूतन ग्रंथालयाच्या गतवर्षीचा अहवाल इमारतीसाठी निधी वाचून दाखविला. जमविण्याचे ठरले." यात एकही शब्द अशुद्ध नाही. शुद्धलेखन तपासणारे यंत्र यावर बोट ठेवणार नाही, आणि घाईने पाने उलटणारा तपासनीसही कदाचित ठेवणार नाही.

आता याच्या उलट प्रकार पाहा. जुन्या काव्यग्रंथांत श्लोकाचे दोन चरण एकाच ओळीत, मध्ये रुंद जागा सोडून, छापण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. पानाच्या मधोमध येथेही वरपासून खालपर्यंत पांढरी पट्टी दिसते. पण ही पट्टी यतीसारखी आहे. तिच्यापाशी क्षणभर थांबून पलीकडे जावयाचे असते. यंत्राने तिला रकान्याची सीमा मानली, तर आधी साऱ्या श्लोकांचे विषम चरण आणि त्यांच्या मागून सारे सम चरण अशी विपरीत रचना तयार होईल.

याचा अर्थ असा की, दोन पाने आकाराने सारखी असूनही त्यांचा वाचनक्रम परस्परविरुद्ध असू शकतो. कोणते पान कोणत्या जातीचे, हे मजकूर समजणाऱ्यालाच सांगता येते. मांडणीविषयक सूचना निवडणे म्हणजे आपले हे ज्ञान यंत्राला आगाऊ कळविणे होय.

सूचना कोणत्या आणि केव्हा द्याव्यात

टेसरॅक्टमध्ये या सूचनांना शून्यापासून तेरापर्यंत क्रमांक दिलेले आहेत. आज्ञा टंकून काम करणारे तो क्रमांक आज्ञेतच लिहितात. ज्यांना ते अवघड वाटते त्यांच्यासाठी जी-इमेजरीडर यांसारखी साधने आहेत. त्यांत हीच निवड यादीतून करता येते आणि प्रतिमेवर माउसने चौकटी आखून तेवढाच भाग वाचावयास सांगता येतो. चौदाही सूचनांची आपणास गरज नाही. पाचवी सूचना उभ्या लेखनासाठी आहे, नववी वर्तुळातील शब्दासाठी आहे, आणि दुसरीची अंमलबजावणीच झालेली नाही. उरलेल्यांपैकी ज्या खरोखर उपयोगी पडतात त्यांचा क्रमाने विचार करू.

तिसरी सूचना म्हणजे संपूर्ण स्वयंचलित विश्लेषण. आज्ञा टंकताना आपण काहीच सांगितले नाही तर हीच लागू होते. रकाने, परिच्छेद, चित्रे यांच्या सीमा यंत्र स्वतः ठरविते. स्पष्ट रकाने असलेली मासिके, वृत्तपत्रे आणि सर्वसाधारण गद्य पुस्तके यांच्यासाठी आरंभ येथूनच करावा. पहिली सूचना हेच काम करते, शिवाय पान आडवे अथवा उलटे स्कॅन झाले असल्यास तेही ओळखते. शेकडो पाने वेगवेगळ्या हातांनी स्कॅन झालेली असतील तेव्हा ती सोयीची.

चौथी सूचना सांगते की, पानावर एकच रकाना आहे, पण अक्षरांचे आकार लहानमोठे आहेत. अनुक्रमणिकेचे पान याचे उत्तम उदाहरण. डावीकडे लेखाचे नाव, उजवीकडे पृष्ठांक आणि मध्ये मोकळी जागा, अशी तेथे रचना असते. स्वयंचलित विश्लेषणात सारे पृष्ठांक वेगळ्या रकान्यात पडण्याचा धोका असतो. स्मरणिकेतील देणगीदारांच्या यादीचेही तसेच. नावे एकीकडे आणि रकमा दुसरीकडे गेल्या, आणि त्यांतील एक रक्कम पुसट असल्याने गळली, की तिच्या खालच्या प्रत्येक नावासमोर दुसऱ्याचीच देणगी येऊन बसते. अशा याद्यांना चौथी किंवा पुढे सांगितलेली सहावी सूचना द्यावी. शब्दांमधली रुंद अंतरे तशीच राखण्याची स्वतंत्र सोयही आज्ञावलीत आहे. याद्यांच्या बाबतीत तिचा लाभ घ्यावा.

सहावी सूचना सांगते की, समोरचा मजकूर म्हणजे एकसारख्या अक्षरांचा एकच सलग ठोकळा आहे. यंत्र मग रकाने शोधीत नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळ वाचते. मधे रुंद जागा सोडून छापलेल्या श्लोकांना हीच योग्य. दोन रकान्यांचे पान स्वयंचलित विश्लेषणाला साधत नसेल, तर प्रत्येक रकान्याभोवती स्वतंत्र चौकट आखून त्या चौकटीला सहावी सूचना देणे हा खात्रीचा मार्ग. मात्र हीच सूचना दोन रकान्यांच्या सबंध पानाला दिली, तर वर दाखविलेला अहवालाचा गोंधळ हमखास होतो.

सातवी सूचना एकाच ओळीसाठी, आठवी एकाच शब्दासाठी आणि दहावी एकाच अक्षरासाठी आहे. शीर्षक, शिलालेखाच्या छायाचित्रातील एखादी छापील ओळ, किंवा वारंवार चुकणारा एखादा शब्द पुन्हा वाचून घ्यावयाचा असेल तेव्हा यांचा उपयोग होतो. ओळ कापून घेताना शिरोरेषेच्या वरच्या मात्रा, वेलांट्या व अनुस्वार आणि खालचे उकार छाटले जाणार नाहीत इतकी जागा सोडावी. कडेला थोडा पांढरा समास ठेवणेही अवश्य आहे. अक्षरांना अगदी भिडवून कापलेली ओळ यंत्राला नीट वाचता येत नाही.

अकरावी सूचना विखुरलेल्या मजकुरासाठी आहे. मुखपृष्ठ, नकाशा, जाहिरातींचे पान, छायाचित्राखालची नावे अशा ठिकाणी जे जे सापडेल ते ते यंत्र गोळा करते, पण त्याच्या क्रमाची हमी देत नाही. शोधाला उपयोगी पडतील असे शब्द मिळविण्यापुरतीच ती वापरावी. सलग गद्याला ती लावू नये.

या सर्वांच्या बरोबरीने भाषेचीही निवड करावी लागते. 'दर्पण'सारखे द्विभाषिक पान असेल, किंवा मोल्सवर्थच्या कोशाप्रमाणे मराठी शब्दांचे अर्थ इंग्रजीत दिलेले असतील, तर मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषा एकदम सांगता येतात. संस्कृत अवतरणांनी भरलेल्या ग्रंथासाठी संस्कृतची जोड द्यावी. मांडणी अचूक सांगितली आणि भाषा मात्र एकच सांगितली, तर अर्धे पान अगम्य चिन्हांनी भरून जाते.

वाचनापूर्वीची तयारी

पान वाकडे असेल तर उत्तम सूचनाही निष्फळ होते, कारण कललेल्या ओळी परस्परांत मिसळतात. म्हणून प्रतिमा सरळ करून घ्यावी. जाड बांधणीच्या पुस्तकात शिवणीजवळ ओळी वळतात; तेथे पान हळुवार दाबून सपाट करावे, मात्र बांधणी तुटेल इतका जोर लावू नये. पुस्तक उघडून दोन्ही पाने एकाच प्रतिमेत घेतली असतील, तर वाचनाआधी ती मधोमध छेदून दोन करावीत. स्कॅनरच्या काळ्या कडा कापून टाकाव्यात, नाहीतर यंत्र त्यांनाही अक्षरे समजते. सामान्य टंकासाठी इंचाला ३०० बिंदू ही घनता पुरते. बारीक टंकातील तळटीपा असतील तर ती वाढवावी.

शिरोभागी येणारे ग्रंथनाम आणि पृष्ठांक हेही वाचनाच्या ओघात शिरतात. एका पानावर अपुरे राहिलेले वाक्य पुढच्या पानावर पुरे होण्याआधी मध्येच ग्रंथाचे नाव येऊन उभे राहते. तळटीपांचाही हाच उपद्रव. म्हणून मुख्य मजकूर, तळटीप आणि शिरोभाग यांच्या चौकटी वेगळ्या आखाव्यात. जेथे मूळ संहितेखाली पाठभेद दिलेले असतात तेथे तर ही काळजी अपरिहार्य आहे. पाठभेद संहितेत मिसळला तर संपादकाचे सारे कष्ट पुसले जातात.

परीक्षा कशी घ्यावी

एका ग्रंथाला सर्वत्र एकच सूचना लागू करण्याचा मोह आवरावा. आधी ग्रंथ चाळून त्यातील पानांचे प्रकार ठरवावेत : सलग गद्य, दोन रकाने, पद्य, याद्या, कोष्टके, चित्रे. प्रत्येक प्रकारातील दोन-तीन पाने घेऊन तिसरी, चौथी व सहावी या सूचना त्यांवर लावून पाहाव्यात आणि निष्पन्न मजकूर मूळ पानाशी ताडावा. ही तपासणी मुद्रितशोधनाहून निराळी आहे. येथे प्रत्येक अक्षर पाहण्याची गरज नसते; सांधे पाहावयाचे असतात. डाव्या रकान्याची तळची ओळ उजव्या रकान्याच्या वरच्या ओळीला जुळते काय, पानाचा शेवट पुढच्या पानाच्या आरंभाशी जुळतो काय, श्लोकाचा दुसरा चरण पहिल्याच्या मागोमाग येतो काय, यादीतील नावासमोर त्याचाच आकडा आहे काय, एवढे पाहिले की पुरे. वरच्या वर्गातील विद्यार्थीही हे काम चांगल्या रीतीने करू शकतील, आणि त्यात त्यांना वाचनाचा अभ्यासही घडेल.

निवड झाल्यावर ती नोंदवहीत लिहून ठेवावी : ग्रंथाचे नाव, पृष्ठे, प्रतिमेची घनता, भाषा, सूचनेचा क्रमांक, तपासणाऱ्याचे नाव. पुढे एखादा दोष आढळला तर तो कोठून आला हे या नोंदीवरून कळते. मूळ प्रतिमाही जपून ठेवाव्यात, म्हणजे आज्ञावलीत सुधारणा झाल्यावर तेच पान पुन्हा वाचून घेता येईल.

हे काम कोणाचे?

इतकी दक्षता कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण या कामाच्या अंतिम रूपात आहे. पुष्कळदा संस्था शोधता येईल अशी पीडीएफ प्रत करून घेतात. त्या प्रतीत वर पानाची प्रतिमा दिसते आणि यंत्राने वाचलेला मजकूर तिच्याखाली अदृश्य असतो. वाचकाला पान निर्दोष दिसते. परंतु कोणी परिच्छेद उतरून घेतला, किंवा दृष्टिहीन वाचकाने पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली लावली, म्हणजे तो खालचा विस्कळित मजकूर बाहेर येतो. डोळस माणूस प्रतिमेकडे पाहून चूक सावरून घेईल. ज्याला केवळ ऐकावयाचे आहे त्याच्यापाशी सावरण्याचे कोणतेच साधन नाही. त्याच्यापुरता तो ग्रंथ नष्ट झाल्यासारखाच. अभ्यासकाचेही काही अंशी तेच होते. एकाच वाक्यप्रयोगाचा शोध घेताना ते वाक्य दोन रकान्यांत फाटले असेल, तर शोध रिकामा परततो आणि त्या ग्रंथात ते नव्हतेच असा निष्कर्ष निघतो.

यास्तव स्कॅनिंगचे काम बाहेरच्या दुकानाकडे सोपविताना मांडणीचा निर्णय संस्थेने आपल्याकडे ठेवावा. तेथील कारागीर आपल्या कामात निपुण असेल, परंतु श्लोकाची यती कोठे आणि रकान्याची सीमा कोठे हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणे न्याय्य नव्हे. ज्याने ते वाङ्मय वाचले आहे, शिकविले आहे, त्याने अर्धा दिवस बसून पानांचे प्रकार ठरवून द्यावेत आणि तशी लेखी यादी कामाबरोबर द्यावी. आणि निष्पन्न मजकुराचे सांधे तपासले जाईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, मूळ कागद रद्दीत जाऊ देऊ नये.

मुलांना वाचन शिकविताना आपण प्रथम ओळीवर बोट फिरवावयास सांगतो. ओळ संपली की बोट कोठे न्यावयाचे हे दाखवितो. अक्षरओळख त्याच्याबरोबर होत जाते. यंत्रालाही ते बोट कोणीतरी धरून दाखविणे आवश्यक आहे, आणि आपल्या संस्थांतील शिक्षक व सभासद यांच्याइतका त्या कामाला योग्य असा दुसरा कोणी दिसत नाही.